सर्टिफिकेटवरच्या आकृत्या आधी बिनकपड्यांच्या का काढायचे? व्हिक्टोरियन ड्रॉइंगबद्दल प्रश्न

तिरपी_रेघ

नमस्कार मंडळी, मी ग्राफिक डिझाइनची कामं करते, सध्या एका पतसंस्थेचं सन्मानपत्र करायला घेतलंय आणि त्यांना ते "पूर्वी असायचं तसं" हवंय. म्हणजे कडेने वेलबुट्टी, वर कुणीतरी देवीसारखी, दोन्ही बाजूंना उभ्या आकृत्या आणि मधे नाव लिहायला मोकळी जागा. रेफरन्स शोधता शोधता इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीच्या काळात अशी सर्टिफिकेटं किती निघायची ते दिसलं आणि मग मूळ काम राहिलं बाजूला, दोन रात्री तेच बघत बसले.

तर एका लिलावाच्या साइटवर त्या काळातल्या एका चित्रकाराची कच्ची ड्रॉइंग्ज दिसली, खाली फक्त "सर्टिफिकेटसाठी अभ्यास" एवढंच. मळकट तपकिरी कागद, काळा आणि पांढरा खडू. एक बाई उभी, अंगावर काही नाही, एक हात वर केलेला पण हातात काहीच नाही. तिच्या शेजारी तीच बाई, तीच पोझ, आता पायघोळ वस्त्रात आणि हातात पानांचं कडं. कडेला नुसती मनगटंच काढलीयेत, तीही परत परत. आणि या सगळ्यावर पेन्सिलने चौकोन आखलेत, सुंदर ड्रॉइंगवर असे सरळ चौकोन मारलेले बघून मला तर कसंतरीच झालं. दुसऱ्या कागदावर एक माणूस बसलाय, त्याच्या डाव्या हातात हातोडा. डावखुरा का बरं?

मला कळत नाहीये ते हे की शेवटी जे छापलं जाणार त्यात ही बाई जेमतेम बोटभर उंचीची असणार, तिच्यासाठी एवढा खटाटोप कशाला? आणि छापताना कपडे असणारच आहेत तर आधी बिनकपड्यांची का काढायची? कुणाला माहिती असेल तर सांगा, जेजेवाले (मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले) कुणी असतील तर उत्तमच.

खडूफळा

ताई, जेजेवाला नाही पण एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा, केलंय आणि आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली, आता रिटायर.

बिनकपड्यांची का, तर कापड स्वतःहून काही आकार घेत नाही म्हणून. ते खांद्यावर टेकतं, छातीवर टेकतं, नितंबावर आणि पुढे आलेल्या गुडघ्यावर टेकतं आणि मधल्या जागेत लोंबतं. चुण्या कुठून सुटणार आणि कुठे विरणार हे त्या टेकायच्या जागांवर ठरतं. वजन कुठल्या पायावर आहे हेच जर चित्रकाराला पक्कं माहीत नसेल तर वस्त्र कितीही नाजूक काढा, ते दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यासारखं दिसतं, आत कुणी नाहीच. म्हणून आधी अंग, मग वस्त्र. ही काही व्हिक्टोरियन लोकांची टूम नाही, इटलीत राफाएलच्या वेळेपासून चालत आलेली रीत आहे, पण व्हिक्टोरियन अकादमीवाल्यांनी (रॉयल अकादमी म्हणजे लंडनची चित्रकारांची मोठी संस्था) ती अगदी नेमाने पाळली.

यातला सगळ्यात शिस्तीचा माणूस म्हणजे फ्रेडरिक लेटन. १८७८ पासून १८९६ ला जाईपर्यंत रॉयल अकादमीचा अध्यक्ष होता. त्याचं ते केशरी झग्यात झोपलेल्या बाईचं चित्र, फ्लेमिंग जून, १८९५ चं, बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. त्याच्या मागे असेच कागद आहेत, आधी पोझ शोधणारी छोटी छोटी रेखाटनं, मग मॉडेल समोर ठेवून न्यूड, मग त्याच पोझवर कापड टाकून नुसत्या ड्रेपरीचा अभ्यास. मजा म्हणजे हा गृहस्थ एवढ्यावर थांबायचा नाही, मोठ्या कॅनव्हासवरसुद्धा आकृती आधी एका रंगात बिनकपड्यांची रंगवायचा आणि नंतर तिच्यावर वस्त्र चढवायचा. लंडनला हॉलंड पार्क रोडवर त्याचं घर आता म्युझियम आहे, तिथे त्याची ड्रॉइंग्ज शेकड्यांनी आहेत, कुणी तिकडे असाल तर जाऊन या. त्या घरातला अरब हॉल बघायला सगळेच जातात, ड्रॉइंग्ज बघा.

आणि कागद मळकट नाहीये हो! तो मुद्दाम तसला घेतात. कागदाचा रंग म्हणजे मधला टोन, सावली काळ्या खडूने द्यायची, उजेड पांढऱ्याने, मधलं सगळं कागदच सांभाळतो. पांढऱ्या कागदावर हेच करायला तिप्पट वेळ जातो.

चौकोनांचं एवढं वाईट वाटून घेऊ नका. ग्रिड मारल्याशिवाय ड्रॉइंग दुसऱ्या मापात नेणार कसं? एका चौकोनात जे आहे ते दुसऱ्या कागदावरच्या लहान किंवा मोठ्या चौकोनात तसंच उतरवायचं. चौकोन पडलेत याचा अर्थच असा की बाकीची ड्रॉइंग्ज राहिली बाजूला आणि ही पोझ फायनल झाली. मी तर तो कागद बघून खूश झालो असतो.

सहज_आलो

एवढ्या कष्टात तर माणूस एक अख्खं पेंटिंग करेल, सर्टिफिकेट बघतो कोण? मला बारावीनंतर मिळालेली सगळी एका फायलीत कोंबलेली आहेत.

भट्टीवाला_लँकेशायर

सहजराव, तुमची फायलीत असतील, तेव्हाची भिंतीवर असायची, फ्रेम करून, बैठकीच्या खोलीत. मी इकडे मँचेस्टरच्या बाजूला बरीच वर्षं आहे, मशिन शॉपमधला माणूस, चित्रकलेतलं फार कळत नाही पण एका सर्टिफिकेटची गोष्ट मला पाठ आहे ती सांगतो, थोडी लांबेल.

१८५१ साली इथल्या इंजिनियर लोकांची एक मोठी युनियन झाली, अमाल्गमेटेड सोसायटी ऑफ इंजिनियर्स. इंजिनियर म्हणजे डिग्रीवाले नव्हेत, फिटर, टर्नर, लोहार, मिलराइट (गिरणीची यंत्रं बसवणारे) असले हुन्नरी कारागीर. वर्गणी आठवड्याला एक शिलिंग, त्या काळात ही चांगलीच जड, पण त्याबदल्यात आजारपणात पैसे, काम गेलं तर पैसे, म्हातारपणी पैसे. तर या युनियनला मेंबरना द्यायला एक सर्टिफिकेट हवं होतं, त्याला इकडे एम्ब्लेम म्हणतात, त्यासाठी डिझाइनं मागवली आणि जिंकला कोण, तर एक लोहार. जेम्स शार्पल्स नाव. नुसता नावाचा लोहार नव्हे, रोज भट्टीवर उभा राहून पोट भरणारा.

याचं चित्रकलेचं शिक्षण ऐका. जन्म १८२५ चा, लहानपणीच बरी नावाच्या गावातल्या फाउंड्रीत लागला. तिथे बॉयलरचे आराखडे कारखान्याच्या जमिनीवर खडूने पूर्ण मापात काढायचे, फोरमन काढायचा आणि हा पोरगा दोरी धरायचा, हळूहळू याचाच हात बसला. मग घरी आईच्या फरशीवर बॉयलर काढायला लागला. एकदा मँचेस्टरहून कुणी नातेवाईक बाई येणार म्हणून घर घासूनपुसून ठेवलेलं आणि हा कामावरून आला तो खडू घेऊन फरशीवरच बसला! पुढे आकृत्या काढायच्या तर अंगाची माहिती हवी म्हणून फ्लॅक्समन या शिल्पकाराच्या अॅनाटॉमीच्या प्लेट्स मिळवल्या, पहाटे उठून वाचायचा, आणि मॉडेल कोण तर सख्खा भाऊ पीटर, त्याला समोर उभं करायचा. रंग आणायला मँचेस्टरला चालत जायचा आणि चालत यायचा, जाऊन येऊन अठरा मैल, रात्री भिजून परत. हे सगळं सॅम्युअल स्माइल्सने स्वावलंबनावरच्या त्याच्या गाजलेल्या पुस्तकात लिहून ठेवलंय. त्या स्माइल्सचा उपदेश मला फार झेपत नाही, पण शार्पल्सचं प्रकरण खरंच वाचण्यासारखं आहे. भट्टीचंच एक मोठं तैलचित्र केलं त्याने, द फोर्ज नावाचं, आणि मग ते स्वतःच स्टीलच्या प्लेटवर कोरायला घेतलं, कामावरून आल्यावर संध्याकाळी, ते पुरं व्हायला कित्येक वर्षं गेली.

आता ते एम्ब्लेम. एखाद्या देवळाच्या दर्शनी भागासारखी रचना, वर पंखवाली बाई कामगारांना मुकुट घालतेय, मधे क्रॉम्प्टन, वॉट आणि आर्कराइट या यंत्रं घडवणाऱ्यांचे चेहरे, काठ्यांची मोळी मोडू बघणारा माणूस, म्हणजे आपली एकीची गोष्ट, आणि ब्रीदवाक्य "एकजूट ठेवा, कष्ट करा" अशा अर्थाचं. पण माझी आवडती जागा एकच. युद्धाचा देव मार्स तुटकी तलवार घेऊन आलाय, दुरुस्त करून दे म्हणतोय, आणि लोहार त्याला नाही म्हणतोय. कुठल्या अकादमीवाल्याने काढलं असतं तर लोहार नुसता दंडाचे गोळे दाखवत उभा राहिला असता, याने काढलेला लोहार खरोखर कामावरचा आहे, कारण काढणारा स्वतः तसाच उभा राहत होता रोज. म्हणून खडूफळा सर म्हणतात ते पटतं, फक्त त्यासाठी लंडनचा स्टुडिओ आणि पगारी मॉडेल पाहिजेच असं काही नाही, भाऊ पण चालतो.

आणि सहजराव, सर्टिफिकेट बघतो कोण विचारलंत ना? १८५२ च्या सुरुवातीला मालकांनी याच युनियनच्या लोकांना कारखान्याबाहेर काढून टाळेबंदी केली आणि अट घातली, परत कामावर यायचं असेल तर आम्ही युनियन सोडली अशा कागदावर सही करा. त्या कागदाला नुसतं "डॉक्युमेंट" म्हणायचे. काही महिन्यांनी बऱ्याच जणांना पोटासाठी सही करावी लागली, तरी युनियन मेली नाही. आता अशा माणसाच्या घरात मार्सला नाही म्हणणारा लोहार फ्रेम करून टांगलेला असेल तर तो बघत नसेल होय?

सहज_आलो

बरं, हे माहीत नव्हतं. पण मग कामगारांच्या कागदावर ग्रीक-रोमन देव आणि चादरी गुंडाळलेल्या बायका कशाला? आपली हत्यारं, मशिनं, कामगार एवढं पुरे होतं की. मला यात साहेबाची नक्कल वाटते.

भट्टीवाला_लँकेशायर

नक्कल आहेच थोडी, नाही म्हणत नाही. टाउन हॉलवर, बँकेवर, नोटेवर सगळीकडे त्या बायका होत्या, मग आमच्या कागदावर पण हव्यात, आम्ही काय कमी आहोत का असा भाव. आणि हे वरच्या हुन्नरी कामगारांचं युनियन, बिगारी लोकांना त्यात जागा नव्हती, त्यांना आपण प्रतिष्ठित दिसावं ही हौस होती. पण मार्सला बोलावलाय तो हाकलायलाच ना? एवढं तरी मान्य करा.

उलटी_प्लेट

उशीर झाला यायला. मी प्रिंटमेकिंग करते त्यामुळे डावखुऱ्या माणसाचं मी घेते.

तांब्याची प्लेट, स्टील, लाकूड, लिथोचा (दगडावरून छपाईचा) दगड, कशावरही काढा, छापलं की उलटं होतं. प्लेटवर उजव्या हातात हातोडा असेल तर कागदावर डाव्यात येणार. म्हणून कुणीतरी कुठेतरी उलटं करावंच लागतं, एकतर चित्रकार ट्रेसिंग पालथं घालून एन्ग्रेव्हरला, म्हणजे प्लेट कोरणाऱ्याला, देतो, नाहीतर एन्ग्रेव्हर आरसा ठेवून काम करतो. तुमचा हातोडेवाला बहुतेक पालथ्या ट्रेसिंगचा आहे, कागद पातळ होता का, मागून रेघा दिसतात का ते बघा. आणखी एक शक्यता, सर्टिफिकेटला डावी-उजवी बाजू जुळवायची असते, दोन्ही बाजूच्या आकृत्यांनी मधल्या मजकुराकडे बघायचं, तेव्हा बरेच जण एक पोझ पक्की करून दुसऱ्या बाजूला तीच फिरवून वापरायचे आणि मग हातातली वस्तू बदलायचे, इकडे हातोडा तर तिकडे कंपास. शतकाच्या शेवटी शेवटी फोटोवरून प्लेट व्हायला लागल्यावर हा उलटसुलट प्रकार चित्रकाराच्या डोक्यातून उतरला, त्यामुळे तुमची ड्रॉइंग्ज त्याआधीची की नंतरची यावरही आहे.

आता त्या मनगटांचं. खडूचं ड्रॉइंग मऊ असतं, कडा विरघळलेल्या असतात, पण एन्ग्रेव्हरकडे फक्त रेघ असते. तो ब्युरिनने, म्हणजे कोरायच्या टोकदार हत्याराने, धातूत रेघ कोरणार, जाड-बारीक, जवळ-लांब, त्यातूनच सावली. तिथे "इथे साधारण बोटं आहेत" असं चालत नाही. हात कागदावर नखाएवढा असला तरी अंगठा कुठे आणि करंगळी कुठे हे त्याला कुणीतरी सांगायला पाहिजे, नाहीतर तो स्वतःच्या मनाने ठरवतो आणि मग काय होतं विचारू नका. म्हणजे तुम्ही पाहिलेले कागद चित्रकाराने स्वतःसाठी केलेले आहेत, यानंतर एक स्वच्छ पेनची किंवा टोकदार पेन्सिलची प्रत होत असणार आणि तीच पुढे जायची. ती बहुतेक वेळा वापरून वापरून खराब होते, म्हणून मागे हे खडूचे कागदच उरतात.

बोटभर आकृतीसाठी एवढा खटाटोप कशाला या प्रश्नाला माझं आवडतं उत्तर म्हणजे मुलरेडीचं पाकीट. १८४० च्या मे महिन्यात पेनी ब्लॅक हे पहिलं पोस्टाचं तिकीट आलं, त्याच्याबरोबरच सरकारने छापील पाकिटंही काढली, चित्र विल्यम मुलरेडीचं, कोरलं जॉन थॉम्पसनने. मधे ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटन देश म्हणून काढलेली बाई, बसलीय आणि चारी दिशांना पंखवाले निरोपे उडवतेय, एका बाजूला हत्ती, उंट, पलीकडे अमेरिकेतले मूळ रहिवासी, खाली कोपऱ्यात पत्र वाचणारी माणसं. मुलरेडी काही कच्चा गडी नव्हता, रॉयल अकादमीचा मेंबर, त्याचे खडूतले न्यूड्स आजही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत आणि ते बघून हात जोडावेसे वाटतात. तरी लोकांनी पाकीट हातात घेतल्या घेतल्या काय पाहिलं, तर उडणाऱ्या एका निरोप्याला एकच पाय दिसतोय! झालं, जी टर उडवली, नकली पाकिटं निघाली, व्यंगचित्रं निघाली. म्हणजे पायामुळेच सगळं झालं असं नाही, मुळात तो सगळा थाटच लोकांना हास्यास्पद वाटला, पण पाय हातात सापडला. मे संपायच्या आत ठरलं की हे काही चालणार नाही, आणि उरलेला प्रचंड साठा नंतर नष्ट करावा लागला. पेंटिंग गॅलरीत शंभर जण बघतात, लांबून. छापील कागद लोकांच्या हातात असतो, नाकाजवळ.

तिरपी_रेघ

एका पायाचा निरोप्या!! शोधून बघितला आत्ता, खरंच एकच पाय आहे 😄 सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. मागून रेघा दिसतात का ते फोटोत कळत नाहीये, पण कागद पातळ आहे हे नक्की, कडेला चुरगळलाय.

अजून एक, या मॉडेल बायका-पुरुष कोण असायचे? चेहरा अगदी साधा आहे हो, ओळखीचा वाटावा असा, आणि कपडे चढवलेल्या ड्रॉइंगमध्ये तोच चेहरा एकदम पुतळ्यासारखा झालाय.

खडूफळा

धंदेवाईक मॉडेल असायचे, तासावर पैसे. लंडनमध्ये त्या काळात इटालियन मॉडेल्सना फार मागणी, अख्खी कुटुंबं यात होती. अँजेलो कोलारोसी नावाचा एक होता, तो लेटनकडे, वॉट्स या चित्रकाराकडे, बऱ्याच जणांकडे उभा राहायचा, आणि त्याच नावाचा त्याचा मुलगा म्हणजे पिकॅडिलीचा तो बाणवाला इरॉस, १८९३ चा, गिल्बर्ट या शिल्पकाराने त्याच्यावरून केला. म्हणजे सर्टिफिकेटवर "उद्योग" किंवा "विज्ञान" म्हणून जो उभा आहे तो असाच कुणीतरी, सकाळी एकाकडे संत आणि दुपारी दुसऱ्याकडे सैनिक.

चेहरा पुतळ्यासारखा झाला कारण ती आता बाई राहिली नाही, "विद्या" झाली किंवा "कीर्ती" झाली. विद्येला शेजारणीचा चेहरा चालत नाही असा त्यांचा हिशोब. मला स्वतःला यात नुकसान वाटतं. लेटननेच राणीच्या १८८७ च्या ज्युबिली मेडलची मागची बाजू केली, मधे साम्राज्य म्हणून बसलेली बाई आणि भोवती बाकीच्या आकृत्या, सगळं बिनचूक, पण त्यातल्या एकाही चेहऱ्याशी बोलावंसं वाटत नाही. खडूच्या कागदावर मात्र माणूस असतो, कंटाळलेला, पाय अवघडलेला.

आपल्याकडचा धागा म्हणाल तर आहे. लंडनला १८५३ च्या सुमाराला सरकारी चित्रकला शिक्षणाचा कोर्स ठरला (ही शाळा पुढे साउथ केन्सिंग्टनला गेली), चांगल्या तेवीस पायऱ्या, आधी सरळ रेघा, मग नक्षी, मग प्लास्टरचे पुतळे आणि मग कुठे जिवंत माणूस. तिथे तयार झालेली माणसं मुंबईला जेजेत आली, जॉन ग्रिफिथ्स त्यातलेच, ते १८६५ ला आले, ज्यांनी पुढे विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या प्रती केल्या. आपले एम. व्ही. धुरंधर ग्रिफिथ्सच्याच काळात तिथे शिकले आणि नंतर कितीतरी वर्षं तिथेच शिकवलं. नऊवारीतल्या बायका धुरंधरांइतक्या कुणी काढल्या नसतील, आणि त्या नऊवारीच्या आत बाई नीट उभी असते, वजन कुठल्या पायावर आहे ते लगेच कळतं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्या प्रत्येकाने त्या तेवीस पायऱ्यांचा खालचा थोडासा तुकडा खाल्लेला आहे, आम्ही मास्तर लोकांनी तो कसा भरवला ते सोडा.

सहज_आलो

इंटरमिजिएटला बी ग्रेड. सर्टिफिकेट त्याच फायलीत आहे, त्यावर एकही बाई नाही, ना पंखवाली ना बिनपंखांची.

उलटी_प्लेट

😂

तिरपी_रेघ, तुमच्या पतसंस्थेच्या कामासाठी एक सांगते. स्टॉकमधून उचललेली आकृती टाकू नका, लगेच कळतं, कारण ती दुसऱ्याच कुठल्यातरी चौकटीसाठी वाकलेली असते. या जुन्या लोकांच्या आकृत्या चांगल्या का बसतात, तर आधी रकाना ठरलेला असायचा. वर कमान असेल तर हात वर जाणार, खाली कोपरा अरुंद असेल तर माणूस गुडघ्यावर बसणार, आणि मग त्या आकारात मावेल अशी पोझ मॉडेलला द्यायची. तेव्हा आधी लेआउट पक्का करा, मजकूर किती ओळींचा, सह्या किती जणांच्या, शिक्का कुठे. सह्यांचं आधीच विचारून घ्या, शेवटच्या दिवशी आणखी दोन संचालक वाढतात. उरलेल्या जागेचा आकार बघून घरातल्या कुणाला तरी तसं उभं करा, साडीत उभं केलं तरी चालेल, मोबाइलवर फोटो नका काढू, निदान पहिल्यांदा तरी बसून हाताने ड्रॉइंग काढा.

तिरपी_रेघ

सह्या नऊ आहेत. आत्ताच फोन करून विचारलं. दोन्ही बाजूच्या आकृत्या आता बसलेल्या काढाव्या लागणार, उभ्या मावत नाहीत.